समुद्र नसलेल्या गावातली लाइफबोट

बजेट तोकडं, जहाज कॉम्प्युटरवरचं, स्टार म्हणावा असा हिरो नाही. तरीही तीन तास कुणी जागचं हललं नाही. नांदेडच्या एका हॉलमध्ये बघितलेल्या युद्धकाळातल्या बोटीची ही गोष्ट. आणि थोडी लातूरचीही.

‘परत टायटॅनिकच का रे?’ मामींनी स्वयंपाकघरातूनच विचारलं.

शनिवारची रात्र. नांदेडला मामांचं घर. हॉलमध्ये गाद्या पसरलेल्या, मधोमध भाजलेल्या शेंगांचं ताट आणि माझा मामेभाऊ लॅपटॉपची वायर टीव्हीच्या मागे खुपसण्यात गुंतलेला. पडद्यावर एक भलंमोठं जहाज दिसत होतं, त्यामुळे मामींचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. आपल्याकडे जहाज बुडालं म्हणजे टायटॅनिक. बाकीची सगळी जणू तरंगतच राहिली!

‘टायटॅनिक नाही मम्मी, लॅकोनिया. अन् पिक्चर नाही, टीव्हीवरचा ड्रामा आहे. एकांकिकेसाठी बघायलोय.’

मामेभाऊ कॉलेजात आहे. यंदा युवक महोत्सवाच्या एकांकिकेचं डायरेक्शन त्याच्या गळ्यात पडलंय आणि या पठ्ठ्याने विषय काय निवडावा? भर समुद्रात बुडालेलं जहाज! नांदेडकराला समुद्र बघायचा तर रात्रभर रेल्वेत बसून मुंबई गाठावी लागते. त्याच्या ग्रुपमधल्या निम्म्या पोरांनी समुद्र फक्त पडद्यावर बघितलाय. बजेट विचारलं तर म्हणाला, ‘ताई, चहापाण्यासकट चार हजार.’

मी पुण्याहून दोन दिवसांची सुट्टी टाकून आले होते. एक मुक्काम नांदेडला, मग एसटीने लातूरला, आई-बाबांकडे. खरं तर निव्वळ टाइमपासचा मूड होता. पण चार हजारांत जहाज कसं बुडवायचं, हा प्रश्न आपल्यालाही सोडवावासा वाटतो की नाही?

शत्रूच मदतीला येतो तेव्हा...

‘द सिंकिंग ऑफ द लॅकोनिया’ हा दोन भागांचा टीव्ही ड्रामा. बीबीसी टूवर ६ आणि ७ जानेवारी २०११ला तो दाखवला गेला. ब्रिटिश आणि जर्मन वाहिन्यांनी मिळून केलेला, शूटिंग दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला. लेखक ॲलन ब्लिझडेल, दिग्दर्शक उवे यान्सन. ब्लिझडेल हा लिव्हरपूलचा माणूस. ऐंशीच्या दशकात बेरोजगार कामगारांवरच्या ‘बॉइज फ्रॉम द ब्लॅकस्टफ’ या मालिकेमुळे तो गाजला होता. मोठ्या लोकांपेक्षा साध्या माणसांत रमणारा लेखक. ते इथेही जाणवतं.

मूळ घटना खरी आहे. १२ सप्टेंबर १९४२ची रात्र. ‘लॅकोनिया’ हे ब्रिटिश प्रवासी जहाज युद्धकामाला जुंपलेलं. जहाजावर सुमारे २७०० माणसं. सैनिक, खलाशी, बायका-मुलं आणि तळघरात कोंडलेले सुमारे १८०० इटालियन युद्धकैदी. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर जर्मन पाणबुडी यू-१५६ने टॉर्पेडो मारले आणि जहाज बुडालं.

इथपर्यंत नेहमीचंच. पुढचं मात्र चक्रावून टाकणारं आहे. पाणबुडीचा कमांडर वेर्नर हार्टेनस्टाइन पाणबुडी वर काढतो. पाण्यातून इटालियन भाषेत हाका येताहेत. म्हणजे आपल्याच दोस्त देशाचे सैनिक! तो त्यांना वर घेतो. आणि मग ब्रिटिशांनाही घेतो. बायकांना, पोरांना, सगळ्यांना. पाणबुडीत जागा संपते, तेव्हा लाइफबोटी दोराने मागे बांधतो. रेडिओवरून चक्क शत्रूच्या भाषेत संदेश पाठवतो की, मदतीला या, माझ्यावर हल्ला केला नाहीत तर मीही करणार नाही. पाणबुडीवर रेडक्रॉसचा झेंडा अंथरतो.

चार दिवसांनी, १६ सप्टेंबरला, एक अमेरिकन विमान येतं. झेंडा दिसतो, माणसं दिसतात. आणि तरीही ते बॉम्ब टाकतं.

इथे मामांनी शेंगा सोलणं थांबवलं. मामा रिटायर्ड माणूस, युद्धपट म्हटला की यांना आपला कोण आणि त्यांचा कोण हे पहिल्या पाच मिनिटांत ठरवायचं असतं. ‘म्हणजे व्हिलन कोण यात?’ ते म्हणाले. कुणाकडेच उत्तर नव्हतं.

पैसे नव्हते, म्हणून माणसं दिसली

आता जरा हिशेबाचं बोलू. जेम्स कॅमेरॉनच्या १९९७च्या ‘टायटॅनिक’ला सुमारे २० कोटी डॉलर लागले. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर प्रचंड टाकी बांधून त्यात जवळजवळ अख्खं जहाज उभं केलं होतं. टीव्हीवाल्यांना असली चैन परवडत नाही. ‘लॅकोनिया’त कॉम्प्युटरवर केलेलं जहाज बघताना मामेभाऊ दोनदा हसला. ‘यापेक्षा आपल्याकडच्या गेममधलं बरं असतंय.’

पण नंतर तो हसायचा थांबला. कारण ड्रामाने एक हुशारी केलीय. जहाज पहिल्याच भागात बुडवून टाकलंय. पुढचा सगळा वेळ आपण दोनच ठिकाणी असतो. लाइफबोटीत, नाही तर पाणबुडीच्या पोटात. बसलेली माणसं, एकमेकांचे गुडघे एकमेकांना लागताहेत, उठून जायला जागा नाही. समोरच्याचा नवरा बुडालाय, शेजारी ज्याने तो बुडवला त्याच्या देशाचा माणूस बसलाय. या सीनला बजेट कसलं लागतं? चार चांगले नट आणि चांगला लेखक, बस्स!

केन ड्युकेनने केलेला हार्टेनस्टाइन थकलेला आहे, थोडा मिश्कील आहे आणि आपण नियम मोडतोय हे त्याला पुरतं माहितीय. अँड्र्यू बुकन जहाजावरचा ज्युनियर ऑफिसर झालाय. फ्रांका पोटेंटे एक जर्मन बाई झालीय, जी इंग्रज असल्याचं नाटक करत तान्ह्या बाळाला घेऊन प्रवास करतेय. जर्मन पाणबुडीत आल्यावर तिची जी गोची होते ती बघण्यासारखी आहे. अर्थात तिची गोष्ट पटकथेतली, इतिहासातली नाही. असे ड्रामा बघताना हा फरक डोक्यात ठेवलेला बरा.

हाच फंडा दुसऱ्या एका उदाहरणातही दिसतो. ‘यूएसएस इंडियानापोलिस’ ही अमेरिकन युद्धनौका ३० जुलै १९४५ला बुडाली. सुमारे १२०० जणांपैकी ३१६ वाचले. यावर १९९१मध्ये ‘मिशन ऑफ द शार्क’ नावाची टीव्ही फिल्म आली, आणि २०१६मध्ये निकोलस केजला घेऊन मोठा सिनेमा. मोठा सिनेमा आपटला. मी दोन्ही बघितलेत आणि माझं मत विचाराल तर जुनी टीव्ही फिल्म आजही जास्त धरून ठेवते. मोठ्या सिनेमाला शार्क दाखवायची घाई आहे. टीव्ही फिल्मला दाखवण्यासारखं फारसं काही नव्हतं, म्हणून ती पाण्यात तरंगणाऱ्या माणसांची बडबड ऐकत बसते.

एक मग पाणी

आणि मग तो सीन आला.

लाइफबोटीत पाणी वाटायलेत. मोजून. सगळ्यांच्या नजरा त्या एका भांड्यावर. चहूबाजूंनी अटलांटिक महासागर आणि प्यायला दोन घोट.

मामी एव्हाना हात पुसत हॉलमध्ये येऊन बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, ‘अगं, हे तर तुमचं लातूर! सोळा साल!’

सगळे हसले. मी पण हसले. पण ते हसू काही टिकलं नाही.

पुण्या-मुंबईतल्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. २०१६च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूर शहराचे नळ बंद झाले. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनाने १४४ कलम लावलं. पाण्यासाठी जमावबंदी, विचार करा! एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या ‘जलदूत’ गाडीत १० वाघिणी होत्या, ५ लाख लिटर. देशभरच्या चॅनेलवाल्यांनी तिचं स्वागत दाखवलं.

चॅनेलवर जे दिसलं नाही ते आमच्या गल्लीत होतं. आठवड्याने, कधी दहा दिवसांनी टँकर. मोजून ड्रम. मी तेव्हा १९ वर्षांची, सुट्टीत घरी आलेले. शेजारच्या इमारतीत अकरावी-बारावीच्या मुलींचं होस्टेल होतं. लातूरला शिकायला आलेल्या, कुठल्या कुठल्या खेड्यातल्या मुली. एका दुपारी दोघी जणी दारात आल्या. हातात कोल्ड्रिंकच्या दोन रिकाम्या बाटल्या. बादली नाही, घागर नाही, बाटल्या. ‘ताई, थोडं पाणी मिळंल का?’

दाराआड भरलेला ड्रम होता. आदल्याच दिवशी टँकर येऊन गेला होता. आणि मी म्हणाले, ‘नाही गं. रिकामा आहे.’

त्या ‘बरं ताई’ म्हणाल्या आणि गेल्या. चिडल्या नाहीत, दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी दार लावलं. नऊ-दहा पावलांवर तो ड्रम. दोन बाटल्यांनी त्याची पातळी बोटभरसुद्धा खाली गेली नसती.

हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. कॉलेजात मास कॉम करताना लातूरच्या पाण्यावर प्रोजेक्ट केला, सरकारला, उसाला, टँकरवाल्यांना सगळ्यांना धारेवर धरलं. चांगले मार्क पडले. त्या दोन बाटल्या काही प्रोजेक्टमध्ये आल्या नाहीत.

पडद्यावर तो जर्मन कमांडर शत्रूच्या पोरांना सूप पाजत होता.

सुटका कुणाचीच नाही

असं वाटू नये की हार्टेनस्टाइन कुणी संत होता. टॉर्पेडो त्यानेच मारले होते. तळघरातल्या इटालियन कैद्यांपैकी बहुतेक जण मेले. एकूण सुमारे १६०० जीव गेले. विमानाने बॉम्ब टाकल्यावर त्यानेच दोर कापले, लोकांना पाण्यात उतरवलं आणि पाणबुडी खाली नेली. फ्रेंच जहाजं येऊन पोहोचली म्हणून हजारावर माणसं वाचली. एका बोटीला मात्र कुणीच भेटलं नाही. तिच्यात सुरुवातीला ६८ जण होते. २७ दिवसांनी ती आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली, तेव्हा १६ उरले होते. त्यातल्या एक नर्स, डोरिस हॉकिन्स, यांनी पुढे यावर पुस्तक लिहिलं.

या सगळ्याचा शेवट फार कडू आहे. बॉम्बहल्ल्यानंतर लगेच जर्मन ॲडमिरल ड्योनिट्झने हुकूम काढला की, बुडालेल्या जहाजावरच्या माणसांना यापुढे वाचवायचं नाही. युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात हा हुकूम त्याच्याविरुद्ध मांडला गेला. आणि यू-१५६? ८ मार्च १९४३ला बार्बाडोसजवळ अमेरिकन विमानाने ती बुडवली. कुणीही वाचलं नाही.

आणि आपली बोट?

सिनेमा संपला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. मामा झोपायला गेले. मामेभाऊ म्हणाला, ‘ताई, पण मला आपल्याकडचं काहीतरी पाहिजे. इंग्रजांची नावं घेतली की पोरं हसतात.’

आपल्याकडे विषय नाहीत असं ज्याला वाटतं, त्याच्यासाठी ही घ्या यादी.

१४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. ‘फोर्ट स्टिकिन’ या मालवाहू जहाजावर सुमारे १४०० टन स्फोटकं आणि त्यांच्यासोबत कापसाच्या गाठी! शिवाय सोन्याच्या विटा. दुपारी आग लागली, ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. ६६ अग्निशामक जवान गेले. दरवर्षी १४ एप्रिलपासून जो अग्निशमन सप्ताह पाळतात, तो त्यांच्या आठवणीत.

९ डिसेंबर १९७१. दीवजवळच्या समुद्रात ‘आयएनएस खुकरी’. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक बुडाले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबतच गेले.

पण मामेभावाचे डोळे चमकले ते तिसऱ्या गोष्टीला. ‘तिलावा’.

२० नोव्हेंबर १९४२ला हे जहाज मुंबईहून आफ्रिकेकडे निघालं. व्यापारी, नोकरदार, बायका-मुलं मिळून ९५८ माणसं. २३ नोव्हेंबरला जपानी पाणबुडी आय-२९ने ते बुडवलं. २८० जण गेले. वाचलेल्यांना ब्रिटिश युद्धनौका ‘बर्मिंगहॅम’ने आणि ‘कार्थेज’ जहाजाने उचललं आणि २७ तारखेला ते परत मुंबईच्या धक्क्यावर उतरले. ‘लॅकोनिया’नंतर जेमतेम अडीच महिन्यांतली ही गोष्ट.

आता खरा ट्विस्ट ऐका. पुढच्या वर्षी, एप्रिल १९४३मध्ये, मादागास्करजवळच्या समुद्रात जर्मन पाणबुडीतून नेताजी सुभाषचंद्र बोस एका जपानी पाणबुडीत गेले. ती पाणबुडी आय-२९. तीच!

‘काय सांगतीस?’ मामेभाऊ उठूनच बसला. ‘म्हणजे जिनं आपली माणसं बुडवली, तिच्यातच नेताजी?’

आता सांगा, व्हिलन कोण? मामांचा प्रश्न इथेही लागू पडतो. आणि या गोष्टीला टायटॅनिकचं बजेट लागतं असं कुणी म्हणालं तर त्याला हैदराबादचा संकल्प रेड्डी दाखवा. ‘द गाझी अटॅक’ त्याने आधी स्वतःच्या पैशांनी, यूट्यूबवर टाकायच्या हिशेबाने सुरू केला होता. पाणबुडीचा सेट उभा करून. पुढे निर्माता मिळाला, २०१७ला सिनेमा आला आणि सर्वोत्कृष्ट तेलुगू चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. नांदेडहून हैदराबाद काही फार लांब नाही!

दोन बाकं आणि एक दोर

रविवारी सकाळी मी त्यांची तालीम बघायला गेले. कॉलेजचा रिकामा वर्ग. दोन बाकं एकमेकांसमोर, मध्ये सात-आठ जण दाटीवाटीने बसलेले, भोवती जाड दोर गोल टाकलेला. दोराच्या बाहेर समुद्र. बाहेर पाय पडला की बुडालास, एवढाच नियम. दहा मिनिटांत मला फरशी दिसेनाशी झाली. खरंच सांगते, एकाचा पाय दोराबाहेर गेला तर माझ्या पोटात गोळा आला.

अडचण एकच होती. बोटीतली सगळी पात्रं फार चांगली होती. सगळे एकमेकांना धीर देत होते.

दुपारच्या एसटीने मी लातूरला आले. रात्री जेवताना बाबांना लॅकोनियाची गोष्ट सांगितली आणि मग बाटल्यांचीही. माझी अपेक्षा होती, बाबा म्हणतील, जाऊ दे, लहान होतीस. बाबा गप्प राहिले. मग म्हणाले, ‘गल्लीची टँकरची यादी मी करायचो, आठवतं? दर वेळी पहिलं नाव आपलं लिहायचो. कुणी विचारलं नाही कधी.’

आईने ताटात भाकरी वाढली. विषय तिथेच थांबला, पण संपला नाही असं मला वाटतं.

पुण्याला परतल्यावर मामेभावाचा फोन आला. संहिता ‘तिलावा’वर होतेय, पण पाण्याचा सीन जमत नाहीये. पिंप कुणाच्या ताब्यात द्यावं, कळत नाहीये.

मी त्याला सांगितलं, जिच्या ताब्यात पिंप आहे ती म्हणते, रिकामं आहे. आणि ते रिकामं नसतं. मग कुठून सुचलं तेही सांगितलं, सगळं.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग डायरेक्टरच्या आवाजात म्हणाला, ‘ताई, हे पात्र होस्टेलच्या पोरींसमोर करायचंय. त्या हॉलमध्ये पुढंच बसतात. चालंल का?’

चालेल म्हणाले.

वीकेंड वॉचलिस्ट

द सिंकिंग ऑफ द लॅकोनिया (२०११): दोन भाग, सलग बघा. पहिला भाग थोडा संथ आहे, सोडू नका.

मिशन ऑफ द शार्क (१९९१): जुनी टीव्ही फिल्म. स्टेसी कीचचा कॅप्टन लक्षात राहतो.

टायटॅनिक (१९९७): बघितलाच असेल. या वेळी फक्त लाइफबोटीतल्या माणसांकडे बघा.

द गाझी अटॅक (२०१७): बंद पाणबुडीतला थरार मस्त. मात्र गोष्ट बरीचशी कल्पनेतली आहे आणि पीएनएस गाझी नेमकी कशी बुडाली यावर भारत आणि पाकिस्तान आजही वेगवेगळं सांगतात.